गुडघ्यातले वंगण

गगनबावड्यासारख्या घाटमाथ्यावर, चढउतारात आयुष्य गेलेली माणसे उतारवयात म्हणतात, "गुडघ्यातले वंगण संपले." बैलगाडीवरून सुचलेली ही उपमा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही सांध्यांसाठी तेल घातलेल्या आखावर फिरणाऱ्या चाकाचाच दाखला आहे. पण हे वंगण म्हणजे नेमके काय?

१९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर व जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यातील द्रवातून हायलुरॉनिक आम्ल वेगळे केले. हाच लांबलचक रेणू संधिद्रवातही सापडला. त्याच्यामुळेच संधिद्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दाट असतो. साहजिकच, वंगण ते हेच असा समज झाला.

१९६८ मध्ये लिन व रेडिन यांनी तो तपासून पाहिला. एका विकराने त्यांनी हायलुरॉनिक आम्ल तोडले. द्रव पातळ झाला, पण वंगणगुण टिकला. मग ट्रिप्सिनने द्रवातील प्रथिने तोडली. दाटपणा राहिला, वंगणगुण मात्र गेला! म्हणजे वंगणाचे काम एखादे प्रथिन करत असले पाहिजे. १९७० मध्ये रेडिन, स्वॉन व वाइसर यांनी हायलुरॉनिक आम्ल नसलेला वंगणकारी अंश वेगळा केला. त्यातील प्रथिनाला पुढे 'ल्युब्रिसिन' हे नाव मिळाले. १९९९ मध्ये असे दिसले की, याच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांचे सांधे लहानपणीच खराब होतात.

गोष्ट इथेच संपत नाही. कूर्चा झिजली की तिचे तुकडे द्रवात उतरतात. पेशींवरील 'टोल-सदृश ग्राही' त्यांना धोक्याची खूण समजतात. मग पेशी दाह वाढवणारे पदार्थ आणि कूर्चा तोडणारी विकरे सोडतात, त्यातून आणखी तुकडे पडतात आणि हे चक्र चालू राहते. २०१५-१६ मधील प्रयोगांत आढळले की, ल्युब्रिसिन याच ग्राहींना चिकटून त्यांची हाकाटी मंद करते. म्हणजे ते घर्षण कमी करते, आणि पेशींना शांतही ठेवते. मात्र हे प्रयोग प्रयोगशाळेतले आहेत. सांधेदुखीवर रोज वापरता येईल असे औषध त्यातून अजून आलेले नाही.

त्याची गरज किती, हे पुणे जिल्ह्यातील भिगवणने दाखवले आहे. डॉ. अरविंद चोपडा यांनी तेथे १९९६ मध्ये पाहणी सुरू केली. तीत चार हजारांवर प्रौढांपैकी शेकडा सुमारे १८ जणांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या.

वर्गात मध, पाणी आणि खोबरेल तेल बोटांत चोळून पाहायला सांगा. जे दाट, तेच निसरडे असते का? लिन व रेडिन यांच्यापुढचा प्रश्न विद्यार्थ्यांना तिथूनच कळेल.