विहंगमदृश्य : फुग्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत

वाढदिवसाच्या दिवशी प्रिय माणसाला काय द्यावे, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु अर्ध्या घटकेसाठी एक संपूर्ण शहर त्याच्या पायांखाली ठेवावे, ही कल्पना मात्र अलीकडची. न्यूयॉर्कसारख्या महानगरात अशी भेट तिकीट काढून देता येते. भेट घेणारा नदीकाठच्या तळावर जातो, कमरेभोवती पट्टा आवळतो आणि पंधरा-वीस मिनिटांत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, गगनचुंबी इमारती व नदीवरचे पूल वरून पाहून परत येतो. या पंधरा-वीस मिनिटांच्या पाठीशी कित्येक शतकांची हौस उभी आहे.

मराठीत ‘विहंगम’ म्हणजे पक्षी. विहंगमदृश्य, विहंगावलोकन या शब्दांमागची कल्पना कोणीही पक्ष्याच्या उंचीवर गेलेले नसतानाच माणसाला सुचली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कारण चित्रकारांनीही तेच केले होते. इ. स. 1500 मध्ये याकोपो दे बार्बारी या कलावंताने व्हेनिस नगरीचे आकाशातून दिसावे तसे भव्य चित्र सहा लाकडी ठशांवरून छापविले. जोडल्यावर त्याची लांबी तीन मीटरांच्या जवळपास भरते. त्यात कालवे आहेत, छपरे आहेत, अंगणे आहेत, गलबते आहेत. ज्या बिंदूवरून हे सारे दिसावे तेथे त्या काळी एखादा समुद्रपक्षीच पोहोचू शकला असता. ठिकठिकाणच्या मनोऱ्यांवरून केलेली निरीक्षणे व मोजमापे बुद्धीच्या बळावर एकत्र सांधून ते दृश्य सिद्ध झाले होते. पुढे 1831 मध्ये व्हिक्टर ह्यूगोने आपल्या नोत्र दामच्या कादंबरीत पंधराव्या शतकातील पॅरिसचे पक्ष्याच्या नजरेने वर्णन करण्यासाठी एक सबंध प्रकरण खर्ची घातले, तेही मंदिराच्या मनोऱ्यावर उभे राहून.

ह्यूगोच्या आधी अर्धशतक माणूस प्रत्यक्ष उडाला होता, हे खरे. 21 नोव्हेंबर 1783 रोजी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे माँगोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या फुग्यातून पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे तरंगत गेले. गवताच्या पेंढ्या विस्तवात टाकत राहण्याचे काम त्यांच्यामागे लागलेले असल्यामुळे खालचे शहर न्याहाळण्यास सवड कितपत मिळाली असेल, ही शंकाच आहे. त्यानंतर दहाच दिवसांनी तुइलरी उद्यानातून पदार्थविज्ञानी शार्ल व त्याचा सहकारी रॉबेर हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेले. दोघे सुखरूप उतरल्यावर शार्ल एकटाच पुन्हा वर गेला. खाली सूर्य मावळला होता; वर जाताच तो पुन्हा दिसू लागला, आणि एकाच दिवशी दुसऱ्यांदा सूर्यास्त पाहण्याचे भाग्य त्याला लाभले. कानात असह्य कळा आल्या व तो उतरला. त्यानंतर आयुष्यात तो कधीही उडाला नाही!

आकाशातून पाहिलेले इतरांना दाखवावे, ही पुढची पायरी नादार या पॅरिसच्या प्रख्यात छायाचित्रकाराने गाठली. 1858 मध्ये त्याने बांधून ठेवलेल्या फुग्यातून छायाचित्र घेतले. ते आज उपलब्ध नाही. जगातील जे सर्वांत जुने हवाई छायाचित्र टिकून आहे ते जेम्स वॉलेस ब्लॅक याने 1860 मध्ये घेतलेले अमेरिकेतील बॉस्टन शहराचे. परंतु नादारचे महत्त्व निराळ्याच कारणासाठी आहे. फुग्यात बसून कीर्ती मिळविणाऱ्या या गृहस्थाचा फुग्यावर विश्वास नव्हता. फुगा वाऱ्याचा दास आहे, खरे उड्डाण हवेहून जड अशा यंत्रानेच साधेल, असे त्याचे ठाम मत होते. त्याचा मित्र पोंताँ दामेकूर याने 1861 च्या सुमारास अशा यंत्रासाठी एक शब्दही घडविला होता. ग्रीक भाषेत ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्राचा पीळ आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख, त्यांपासून ‘हेलिकॉप्टर’. (आज ‘हेलिपॅड’, ‘हेलिपोर्ट’ म्हणताना हा शब्द भलत्याच जागी तोडला जातो, पण लोकांच्या जिभेपुढे व्युत्पत्तीचे काय चालणार?) दामेकूरने वाफेवर चालणारी एक लहान प्रतिकृतीही बनविली. ती उडाली नाही. पैसा हवा होता, आणि तो उभा करण्यासाठी नादारने 1863 मध्ये ‘ल जेआँ’, म्हणजे ‘महाकाय’, या नावाचा सहा हजार घनमीटरांचा फुगा बांधला. त्याला दुमजली वेताचे घरच टांगलेले होते. हेलिकॉप्टरसाठी द्रव्य मिळावे म्हणून फुग्याचे प्रदर्शन, असा हा विलक्षण प्रकार! दुसऱ्याच उड्डाणात तो फुगा जर्मनीत हॅनोव्हरच्या मुलखात उतरताना वाऱ्याने फरफटत गेला, नादार व त्याची पत्नी जखमी झाली, आणि द्रव्यसंचय तर दूरच राहिला.

सामान्य माणसाला नगरदर्शनाचे हे सुख प्रथम मोठ्या प्रमाणावर दिले ते आँरी जिफार या इंजिनिअरने. 1852 मध्ये वाफेच्या इंजिनाने चालणारे हवाई जहाज उडविणारा तो हाच. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी त्याने तुइलरीच्या प्रांगणात 36 मीटर व्यासाचा, पंचवीस हजार घनमीटरांचा प्रचंड फुगा दोरखंडाला बांधून उभा केला. एका खेपेस चाळीसहून अधिक माणसे गोल सज्जात उभी राहत, फुगा सुमारे पाचशे मीटर वर जाई आणि वाफेचे रहाट त्याला पुन्हा खाली ओढून आणी. त्या हंगामात हजारो लोक वर जाऊन आले. त्यांना काय दिसले असेल? शेजारीच 1871 च्या कम्यूनच्या धामधुमीत जळालेल्या तुइलरी राजवाड्याच्या काळ्या भिंती उभ्या होत्या. त्यांच्यापलीकडे जुन्या गल्ल्या पाडून ओसमानने आखलेले सरळ रुंद रस्ते पसरलेले होते. कोणाचे घर कोणत्या रस्त्याखाली गेले, हे वरून नकाशासारखे स्पष्ट दिसत असावे. पुढे 1889 मध्ये आयफेल मनोरा उभा राहिला, आणि उंचीवरून शहर पाहण्यास फुग्याची गरज उरली नाही.

नादारचे स्वप्न खरे होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. 1939 मध्ये सिकॉर्स्कीचे यंत्र अमेरिकेत प्रथम जमिनीवरून उचलले गेले. 8 मार्च 1946 रोजी बेल-47 या हेलिकॉप्टरला नागरी वापराचा परवाना मिळाला. त्याचा पारदर्शक बुडबुड्यासारखा घुमट इतका देखणा की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात तसे एक यंत्र टांगून ठेवलेले आहे. न्यूयॉर्कला तर हेलिकॉप्टरचे वेडच लागले. शहराच्या मध्यभागी पॅनॅम कंपनीच्या उत्तुंग इमारतीच्या गच्चीवर 1965 मध्ये तळ सुरू झाला. मध्यंतरी बंद पडून तो 1977 मध्ये पुन्हा उघडला. त्याच वर्षी 16 मे रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा एक पाय मोडला आणि फिरती पाती तुटून उडाली. गच्चीवरील चार माणसे ठार झाली. पाचवा बळी खाली रस्त्यावरून चाललेल्या एका स्त्रीचा होता. तिने तिकीट काढलेले नव्हते.

सारा प्रश्न येथेच आहे. आकाशातून शहर पाहण्याचा आनंद एकाचा. आवाज व धोका मात्र खालच्यांच्याही वाट्याला. 2009 मध्ये हडसन नदीवर पर्यटकांचे हेलिकॉप्टर व एक लहान विमान यांची टक्कर होऊन नऊ माणसे गेली. रहिवाशांच्या तक्रारींनंतर 2016 मध्ये शहराने व्यावसायिकांशी करार करून मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील तळावरून होणाऱ्या पर्यटन-फेऱ्या निम्म्यावर आणण्याचे ठरविले. रविवार तर पूर्ण वगळला. 2018 चा अपघात मन विषण्ण करणारा आहे. छायाचित्रे नीट घेता यावीत म्हणून दारे काढून टाकलेली. प्रवासी पडू नयेत म्हणून त्यांना पट्ट्यांनी जखडलेले. अशाच एका पट्ट्यात इंधन बंद करण्याचा दांडा अडकून ओढला गेला आणि यंत्र पाण्यावर उतरून उलटले. पाचही प्रवासी त्याच पट्ट्यांत अडकून बुडाले; चालक तेवढा वाचला. 10 एप्रिल 2025 रोजी हडसनवर मुख्य पंखा सुटून हेलिकॉप्टर कोसळले, तेव्हा स्पेनमधून आलेले आई, वडील व त्यांची तीन मुले चालकासह मरण पावली. त्या कुटुंबात त्याच सुमारास वाढदिवस होता.

पॅरिसने निराळा मार्ग धरला. 1948 च्या आदेशान्वये शहरावरून कमी उंचीवरील उड्डाणास तेथे बंदी आहे. परवानगी अपवादानेच मिळते. ज्याला वरून पॅरिस पाहावयाचे त्याच्यासाठी 1999 पासून आंद्रे सित्रोएन उद्यानात दोरखंडाला बांधलेला फुगा आहे, जिफारच्याच वंशातला. तो दीडशे मीटरपर्यंत जातो आणि मुकाट्याने परत येतो. 2024 च्या ऑलिंपिक क्रीडासमयी तुइलरीत, शार्ल जेथून उडाला त्याच उद्यानात, ज्योतीचे पात्र एका फुग्याखाली टांगले होते. रोज सूर्य मावळला की तो फुगा साठ मीटर वर चढत असे. त्यात कोणी बसलेले नसे, आणि तो पाहण्यासाठी खाली हजारो माणसे माना वर करून उभी राहत.