हॉट योगा : घामापेक्षा शरीराचे तापमान महत्त्वाचे, उष्ण शहरांत सरावापूर्वी काय तपासावे?

फरीदाबाद : तापवलेल्या बंद खोलीत, अंग घामाने निथळेपर्यंत आसने करण्याचा ‘हॉट योगा’ हा प्रकार आता महानगरांतील योगवर्गांना आणि व्यायामशाळांना परिचित झाला आहे. मात्र थंड हवेच्या देशांत लोकप्रिय झालेली ही पद्धत फरीदाबादसारख्या शहरात जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरू शकते. येथे मे-जूनमध्ये पारा वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि जुलैपासून हवेतील दमटपणा वाढतो. त्यामुळे खोलीतील उष्णतेकडे लाभ म्हणून न पाहता शरीरावरील जादा भार म्हणून पाहणे आणि त्यानुसार सराव आखणे आवश्यक ठरते.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचा आधुनिक प्रसार कोलकात्यात जन्मलेले बिक्रम चौधरी यांच्या नावाशी जोडला जातो. त्यांनी बिष्णुचरण घोष यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत आपले वर्ग सुरू केले. २६ आसने व दोन श्वसनप्रकार, ९० मिनिटांचा कालावधी, सुमारे ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता अशी त्या वर्गांची ठरलेली चौकट होती. या आसनक्रमावर स्वामित्वहक्क सांगता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

आज ‘हॉट योगा’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या तापमानाचे, कालावधीचे आणि दर्जाचे वर्ग चालतात. म्हणूनच केवळ नावावर विसंबून न राहता प्रत्यक्ष खोलीचे तापमान, आर्द्रता आणि वर्गाचा कालावधी विचारून घेणे ही सराव करणाऱ्याची पहिली जबाबदारी ठरते.

संशोधन काय सांगते?

योगातील दावे उपकरणांच्या साहाय्याने पडताळण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करून अशा अभ्यासाचा पाया घातला. हॉट योगाबाबतही अशी मोजमापे झाली आहेत.

अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० जणांच्या शरीराचे अंतर्गत तापमान ९० मिनिटांच्या वर्गात मोजण्यात आले. खोलीचे तापमान सुमारे ४० अंश आणि आर्द्रता ४० टक्के होती. काही जणांचे अंतर्गत तापमान ३९.४ अंशांच्या वर गेले, तर एका व्यक्तीचे ४० अंशांपलीकडे पोहोचले. ४० अंशांच्या आसपास उष्माघाताची सीमारेषा सुरू होते.

टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये वेगळा प्रश्न तपासला. तीच आसने एका गटाने तापवलेल्या खोलीत आणि दुसऱ्या गटाने सामान्य तापमानाच्या खोलीत १२ आठवडे केली. रक्तवाहिन्यांच्या कार्यात दोन्ही गटांत सुधारणा दिसली. म्हणजे ती आसनांमुळे झाली होती. त्यासाठी उष्णतेची गरज भासली नाही. उन्हाळ्यात खोली तापवण्याचे बंद केले तर सराव वाया जाईल, ही भीती या निष्कर्षामुळे निराधार ठरते.

घामाविषयीचे गैरसमज

घामावाटे शरीरातील ‘विषे’ बाहेर पडतात, हा समज सर्वदूर आहे. प्रत्यक्षात घाम म्हणजे मुख्यतः पाणी व मीठ असते. टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात. वर्गानंतर वजनकाट्यावर दिसणारी घटही बहुतांशी पाण्याची असते व पाणी पिताच ती भरून निघते.

घामाचे खरे काम शरीर थंड करण्याचे आहे आणि तो त्वचेवरून उडून गेला तरच ते साध्य होते. दमट हवेत घाम नुसताच ओघळतो. शरीराचे पाणी कमी होते, पण थंडावा मिळत नाही. ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेली खोली शरीराला सुमारे ४८ अंशांसारखी जाणवते, ती याच कारणाने.

फरीदाबादचे ऋतुमान आणि सराव

मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर असून ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक झाले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर भारतीय हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो. अशा दिवसांत खोली तापवून योग करणे पूर्णपणे टाळावे. पहाटे किंवा सकाळी लवकर, हवेशीर खोलीत, पंख्याखाली तीच आसने करावीत. पावसाळ्यात तापमान तुलनेने कमी असले तरी दमटपणामुळे तेवढाच ताण येतो, हे विसरू नये.

नव्याने सुरुवात करायची असल्यास हिवाळ्याचा उत्तरार्ध अधिक सोयीचा ठरतो. फरीदाबाद हे ओतशाळांचे व कारखान्यांचे शहर आहे. भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली आठ तास काम करणाऱ्याच्या शरीराने दिवसभर उष्णता सोसलेलीच असते. त्याने सायंकाळी पुन्हा तापलेल्या खोलीत जाऊ नये. याउलट वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याच्या शरीराला उष्णतेची सवय नसते. ती सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणून पहिले दोन आठवडे कमी तापमानात २० ते ३० मिनिटांचाच सराव करावा.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी करावा आणि ग्रीष्मात तो टाळावा, असे सांगितले आहे. भारतीय परंपरेतील हा विचार आजच्या सल्ल्याशी जुळणारा आहे.

कोणी दूर राहावे?

गर्भवतींनी हॉट योगा करू नये, असा अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा पूर्वी उष्माघात झालेल्या व्यक्तींनी हा प्रकार टाळावा. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांशी बोलावे.

काही औषधांबाबतही सावधगिरी हवी. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात, बीटा ब्लॉकर औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत, तर ॲलर्जीवरील व मानसिक आजारांवरील काही औषधांमुळे घाम कमी येतो. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांचा सल्ला घेऊन सरावाची पद्धत बदलावी. ताप, जुलाब, अपुरी झोप किंवा आदल्या रात्रीचे मद्यपान असल्यास त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

पाणी किती, मीठ किती?

वर्गापूर्वी दोन-तीन तास पोटभर जेवू नये, मात्र पूर्ण उपाशीपोटीही जाऊ नये. सरावाच्या दोन तास आधी दोन ग्लास पाणी घ्यावे आणि मधे तहान लागेल तसे घोटघोट प्यावे. पाणी पिण्यास मनाई करणारा वर्ग सोडून द्यावा.

किती पाणी गेले, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे सरावाच्या आधी व नंतर वजन करणे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी. वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीत सुमारे १.४ किलो, झाल्यास पुढील सराव सौम्य ठेवावा. गेलेले पाणी पुढील काही तासांत हळूहळू भरून काढावे. खूप घाम आल्यानंतर नुसतेच पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. त्यामुळे ओआरएस, मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी यांचा आधार घ्यावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

खोली, मॅट आणि ताण

उष्णतेत स्नायू सैल वाटतात आणि वेदनेची जाणीव उशिरा होते. त्यामुळे एरवी जितके वाकता येते, त्याच्या पुढे शरीर रेटू नये. गुडघा, कंबर व मांडीच्या मागील स्नायूंना इजा होण्याचा धोका असतो. तोल सांभाळण्याच्या आसनांत घामाने पाय घसरतो, म्हणून मॅटवर सुती टॉवेल अंथरावा.

खोलीत तापमापक व आर्द्रतामापक दर्शनी भागात असावेत, हवा खेळती राहण्याची सोय असावी आणि दार कधीही उघडता यावे. कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर बंद खोलीत कदापि वापरू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरतो.

ओले कपडे लगेच बदलावेत, अंग कोरडे करावे आणि मॅट स्वतःची वापरावी. घामट त्वचेवर गजकर्ण पटकन पसरते. वर्ग संपताच भर दुपारच्या लूमध्ये दुचाकीवर निघू नये. सावलीत वीस मिनिटे बसून मगच बाहेर पडावे.

धोक्याची चिन्हे

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर किंवा अंगावर काटा येणे ही थांबण्याची पहिली सूचना होय. अशा वेळी आसन सोडून खोलीबाहेर यावे, आडवे व्हावे, पाय किंचित उंच ठेवावेत. ‘सहन करा, सवय होईल’ हा सल्ला येथे लागू होत नाही.

बोलणे असंबद्ध होणे, वागण्यात गोंधळ दिसणे, शुद्ध हरपणे किंवा झटके येणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. त्वचा कोरडी असेलच असे नाही. व्यायामातून झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. अशा वेळी तत्काळ ११२ किंवा १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. मदत येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर थंड पाणी ओतत राहावे, पंखा लावावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णालयाच्या प्रवासातही शरीर थंड करणे चालू ठेवावे, कारण तापमान किती लवकर खाली आले, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी शिक्षकाला तीन प्रश्न जरूर विचारावेत : खोलीचे तापमान व आर्द्रता किती असते, मधेच बाहेर जाण्याची मुभा आहे का आणि कोणाला उष्माघात झाल्यास येथे बर्फ व पाण्याची काय व्यवस्था आहे. या तिन्हींची स्पष्ट उत्तरे न मिळाल्यास घरातील हवेशीर खोलीत, पंख्याखाली केलेली आसने अधिक सुरक्षित आहेत आणि आतापर्यंतच्या मोजमापांनुसार रक्तवाहिन्यांसाठी तेवढीच उपयुक्तही आहेत.