उकळलेल्या पाण्याचे कोडे

गासच्या श्रोत्यांपुढे पाण्याविषयी बोलायचे तर आरंभ बावखलापासूनच केला पाहिजे. आमच्या वसई भागातील कितीतरी बावखले बुजली, उरलेल्यांपैकी एकाच्या काठी एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "गंगेचे पाणी वर्षभर नासत नाही म्हणतात, मग आमचेच का हो उकळून प्यायचे?" आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. चाळीतल्या नळासाठी अर्ज लिहिता लिहिता जे वाचनात आले, तेवढीच आमची विद्या. तथापि हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

1896 साली आग्र्याच्या एर्नेस्ट हँकिन या सरकारी जंतुतज्ज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडून पाहिले. काही तासांतच ते मेले. तेच पाणी उघड्यावर उकळून घेतले, तेव्हा त्याचा गुण नाहीसा झाला! पाण्यात एखादे उडून जाणारे द्रव्य असावे, असे हँकिनला वाटले. पुढे 1915 साली इंग्लंडात ट्वॉर्टने आणि 1917 साली पॅरिसमध्ये फेलिक्स देरेलने जंतूंना मारणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंचा शोध लावला. देरेलने त्यांना बॅक्टेरियोफेज, म्हणजे जंतुभक्षक, हे नाव दिले. हा विषाणू जंतूला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, त्याच्याच सामग्रीतून आपली प्रजा वाढवतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. मालकाच्याच यंत्रावर आपला माल काढण्याचा हा प्रकार! हँकिनने पाहिले ते हेच, असे पुष्कळ पुस्तके ठासून सांगतात. परंतु काही अभ्यासकांना ते मान्य नाही आणि त्यांची शंका आम्हांस रास्त वाटते.

1927 साली देरेल स्वतः हिंदुस्थानात आला. पटकीच्या रोग्यांना त्याने हे विषाणू पाजले, पंजाबातील खेड्यांच्या विहिरींतही ओतले. त्यानंतर आसामात मॉरिसनने मोठा प्रयोग मांडला : नौगाव भागात औषध वाटायचे, हबीगंजात प्रथम नाही. नौगावात साथ ओसरली आणि औषधाचा जयजयकार झाला. पण पटकीच्या साथी प्रत्येक प्रांतात आपापल्या चालीने चढतात, उतरतात. दोन गिरण्यांचे उत्पादन तोलायचे आणि कोणत्या गिरणीत कापूस कसला होता हे विचारायचे नाही, असा हिशेब कोणता कामगार मान्य करील? शिवाय ज्या हबीगंजाला मागे ठेवले, तिथल्या माणसांना कोणी विचारले होते काय, हे आमच्या मनातून जात नाही. 1936 च्या सुमारास ही चौकशी संपली आणि पुढे प्रतिजैविके आली. आज जंतू त्या औषधांना दाद देईनासे झाले, म्हणून जंतुभक्षकांकडे पुन्हा लक्ष गेले आहे.

त्या वृद्धांना आम्ही एवढेच सांगितले की, हा विषाणू सहसा आपल्या ठराविक जातीच्या जंतूवरच जगतो. पटकीचा भक्षक विषमज्वराच्या जंतूला हात लावीत नाही. आणि भक्षक ज्या पाण्यात आहे तिथे त्याचे भक्ष्यही असण्याचा संभव आहे.

"म्हणजे उकळावेच लागणार," ते म्हणाले, आणि कळशी उचलून चालू लागले.