कट्टुमरम् ते कॅटामरान : एका शब्दाची आणि एका चैनीची गोष्ट

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिट नावाचे शहर आहे. रोमन बादशहा डायोक्लेशियनने राज्यत्यागानंतर राहण्यासाठी जो प्रासाद बांधला, त्याच्याच भिंतींच्या आत या शहराचा जुना भाग वसला आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी इथल्या बंदरात मोठी धांदल असते. गेल्या आठवड्याचे पाहुणे बॅगा घेऊन उतरत असतात, नवे चढण्यासाठी ताटकळत असतात, आणि मधल्या काही तासांत चादरी बदलणे, पाणी भरणे, डिझेल भरणे सगळे उरकायचे असते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या या बोटींत सर्वांत ऐसपैस बोट म्हणजे कॅटामरान. दोन लांब अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांवर एकच घर बांधावे, तसा तिचा घाट. शिडाची असते, तशी नुसत्या इंजिनावर चालणारीही असते.

स्प्लिटच्या धक्क्यावर हा शब्द उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की तो आपल्या दक्षिणेतला आहे. मूळ तमिळ शब्द कट्टुमरम्. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे झाड किंवा लाकूड. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या वाचकाला हा अर्थ सांगण्याची गरज नाही. कानडीतही कट्टु म्हणजे बांधणे आणि मर म्हणजे झाड. ज्या कट्ट्यावर बसून आपण संध्याकाळी गप्पा हाणतो तो कट्टाही कानडी कट्ट्याचाच भाऊबंद. पुण्यामुंबईच्या माणसाला ज्यासाठी कोश उघडावा लागेल, ते आपल्याकडच्या शाळकरी पोराला बाजारात भाजी घेताना कळते. दोन भाषांच्या शेजारात राहण्याचे काही फायदेही असतात, ते कुणी फारसे मोजत नाही एवढेच.

पण गंमत अशी की मूळ कट्टुमरम् दोन होड्यांचे मुळीच नव्हते. हलक्या लाकडाचे तीन, पाच किंवा जास्त ओंडके काथ्याच्या दोराने एकत्र आवळायचे, मधला थोडा लांब ठेवायचा, पुढची टोके किंचित वर वळलेली. झाला कट्टुमरम्. त्याला ना कठडा, ना पोकळ पोट. लाटेचे पाणी वरून येई आणि फटींतून खाली निघून जाई. त्यामुळे ते बुडण्याचा प्रश्नच नव्हता, भिजण्याचा मात्र रोजचाच होता. मासेमारी करून किनाऱ्यावर आले की दोर सोडून ओंडके सुटे करायचे आणि वाळूत वाळत टाकायचे. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर लाटा फार जोराने फुटतात. तिथे फळ्यांची ताठ होडी टिकत नाही. म्हणून एक तर काथ्याने शिवलेली लवचीक मसुला होडी, नाही तर हे कट्टुमरम्. मद्रासला दीर्घकाळ बंदरच नव्हते. इंग्रजांची मोठी जहाजे दूर उघड्या समुद्रात नांगरून पडत आणि उतारू मसुला होडीतून किनाऱ्यावर येत. पण समुद्र इतका खवळला की मसुलाही जाऊ धजेना, तर जहाजावर चिठ्ठी पोचवायला कट्टुमरम्‌वरचा कोळीच जाई. पाणी लागू नये म्हणून कागद डोक्यावरच्या टोपीत ठेवी. कंपनीच्या कारभारातली किती महत्त्वाची पत्रे अशा टोपीतून गेली असतील! त्या कोळ्यांची नावे मात्र कुठल्या दप्तरात शोधावीत?

युरोपात हा शब्द नेणाऱ्यांत विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी आघाडीवर होता. हा मनुष्य अर्धा चाचा आणि अर्धा निसर्गशास्त्रज्ञ. १६९७ साली छापलेल्या आपल्या जगप्रवासाच्या ग्रंथात त्याने कोरोमंडलच्या या ओंडक्यांचे वर्णन केले आहे. पुढे इंग्रज खलाशी पॅसिफिक महासागरात गेले. पॉलिनेशियाच्या बेटांवरचे लोक दोन लांब होड्या आडव्या दांड्यांनी जोडून शेकडो मैल समुद्र ओलांडताना त्यांनी पाहिले. त्या होड्यांना तिथल्या भाषांत स्वतःची नावे होती. पण इंग्रजांच्या कानांत मद्रासचा शब्द बसलेला, तोच त्यांनी या जोडहोड्यांना चिकटवला. म्हणजे नाव तमिळ कोळ्याचे आणि वस्तू पॉलिनेशियन दर्यावर्द्याची. १८०४ मध्ये तर इंग्रजांनी नेपोलियनच्या बुलोन येथील ताफ्यावर जे दारूगोळ्याने भरलेले तरंगते पेटारे सोडले, त्यांनाही कॅटामरानच म्हटले! शब्दाला मालक नसला की कुणीही त्याला वेठीस धरतो.

जोडनावेची कल्पना युरोपीय डोक्यात आधी आलीच नव्हती असे नाही. सर विल्यम पेटी या अर्थशास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात डब्लिनला दोन बुडांच्या बोटी बांधल्या होत्या. त्यांतली एक वादळात गेली आणि कल्पनाही तिच्याबरोबर बुडाली. दोनशे वर्षांनी, १८७६ साली, अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफने ‘अॅमॅरिलिस’ नावाची शिडाची जोडनाव न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि मोठमोठ्या श्रीमंतांच्या नौकांना सहज मागे टाकले. परिणाम काय झाला? तक्रारी झाल्या आणि तिला बाद ठरवण्यात आले. लांब आणि अरुंद अंग पाणी कापताना लाट कमी उठवते, म्हणून कमी जोरात जास्त वेग मिळतो. दोन अंगे एकमेकांपासून दूर असल्याने बोट डुलत नाही. एवढे साधे शास्त्र, पण ते मान्य व्हायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या कोळ्याने होडीच्या एका अंगाला उलांडी बांधून हेच शास्त्र वापरले होते, ते कुणा शर्यतीच्या पंचाला विचारून नव्हे.

आता जरा भूमध्य समुद्राकडे वळू. तिथे विहारनौका ही फार दिवस स्वतःच्या मालकीचीच गोष्ट होती. फ्रेंच कथाकार मोपासाँने १८८० च्या दशकात आपल्या कादंबरीचे ‘बेल-आमी’ हे नाव नौकेला दिले आणि रिव्हिएराच्या किनाऱ्याने तो हिंडला. नौका भाड्याने घेऊन सुट्टी घालवण्याची जगभर गाजलेली हकीकत मात्र १९३६ ची, आणि तिचा एक धागा थेट हिंदुस्थानात पोचतो.

इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड त्या वर्षी गादीवर आला होता. हाच युवराज असताना नोव्हेंबर १९२१ मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईत दंगे उसळले होते आणि पुण्यात त्याच्या हस्ते शिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसवली गेली होती. राजा झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याला दक्षिण फ्रान्समध्ये राहायचे होते. पण जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली, फ्रान्सचे दिवसही अस्वस्थ होते, आणि तो बेत बारगळला. मग त्याने ‘नाहलिन’ नावाची विहारनौका भाड्याने घेतली. सुमारे तीनशे फूट लांबीची ही वाफेची नौका १९३० मध्ये स्कॉटलंडमधील जॉन ब्राउनच्या गोदीत बांधली गेली होती. ‘क्वीन मेरी’ हे प्रचंड जहाज बांधणारी हीच गोदी. आणि नौकेची मालकीण कोण? लेडी यूल. कलकत्त्याच्या अँड्र्यू यूल कंपनीचे सर्वेसर्वा सर डेव्हिड यूल १९२८ मध्ये वारले, त्यांची ही विधवा. ताग, चहा, कोळसा असा या कंपनीचा पसारा. हुगळीच्या काठच्या गिरण्यांत तागाच्या धुळीत खोकत जे मजूर राबले, त्यांच्या घामाचा अंश त्या पांढऱ्या नौकेच्या पितळी कठड्यांत होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ही कंपनी पुढे १९७९ मध्ये भारत सरकारच्या मालकीची झाली.

ऑगस्टमध्ये युगोस्लाव्हियाच्या शिबेनिक बंदरात राजा नौकेवर चढला. बरोबर मित्रमंडळी आणि मिसेस वॉलिस सिम्प्सन. या बाईंचा दुसरा नवरा हयात होता, पण तो बरोबर नव्हता. राजा नावापुरता लँकेस्टरचा ड्यूक म्हणून प्रवास करीत होता. आता मागे-पुढे दोन विनाशिका असताना ड्यूकचे सोंग कुणाला पटावे? दाल्मेशियाच्या किनाऱ्याने, डुब्रोव्निकवरून, ग्रीक बेटांतून, कॉरिंथच्या अरुंद कालव्यातून नौका फिरली. गावोगाव लोक धक्क्यावर जमत. युरोप-अमेरिकेच्या वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी मात्र तोंडे शिवून घेतली होती, ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडली. ४ सप्टेंबरला एडवर्ड इस्तंबूलला पोचला आणि अतातुर्कला भेटला. ११ डिसेंबरला तो राजा उरला नाही. एका भाड्याच्या सुट्टीमुळे राज्य गेले असे म्हणणे बाष्कळपणाचे होईल, पण जे लंडनच्या दिवाणखान्यांत कुजबुजले जात होते ते या सुट्टीने जगाच्या चव्हाट्यावर आणले, हे खरे.

नौकेचे नशीब त्याहून चमत्कारिक. १९३७ मध्ये ती रुमानियाच्या राजा कॅरोलने घेतली. १९४० मध्ये त्यालाही गादी सोडावी लागली. पुढे कम्युनिस्ट राजवटीत तिचे नाव ‘लिबर्तातेया’, म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले गेले आणि डॅन्यूबवरच्या गलाट्स बंदरात ती तरंगते उपाहारगृह होऊन पडली. १९९९ मध्ये तिला इंग्लंडला आणले, जर्मनीत तिची मोठी दुरुस्ती झाली आणि २०१० च्या सुमारास ती आपल्या जुन्या नावाने पुन्हा समुद्रात उतरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर राजेरजवाड्यांची ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली, आणि त्यात कॅटामरानचा हात मोठा होता. १९४७ मध्ये हवाई बेटांत वूडी ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी ‘मानु काई’ ही जोडनाव बांधली. इंग्लंडमध्ये प्राउट बंधूंनी छोट्या जोडनावांचा कारखानाच काढला. जेम्स व्हॅरम या हट्टी इंग्रजाने १९५५-५६ मध्ये दोन जर्मन मैत्रिणींसह चोवीस फुटांहूनही लहान जोडनावेतून अटलांटिक ओलांडला आणि पॉलिनेशियन लोकांचे शास्त्र खरे करून दाखवले. फायबरग्लास आल्यावर एकाच साच्यातून अनेक बोटी निघू लागल्या. फ्रान्समध्ये १९७६ साली फाउंटेन पाजो आणि १९८४ साली लगून हे बोटींचे कारखाने निघाले. आजच्या भूमध्य समुद्रातल्या भाड्याच्या कॅटामरानांत या दोघांच्या बोटी जागोजाग दिसतात.

युगोस्लाव्हियाने १९८३ मध्ये एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर विहारनौकांच्या बंदरांची साखळीच उभी करायला घेतली. मग १९९१ चे युद्ध आले. डुब्रोव्निकवर तोफा डागल्या गेल्या, जुन्या बंदरातल्या होड्या जळाल्या. १९९५ नंतर हळूहळू पाहुणे परतले. आज क्रोएशियाच्या बाराशेहून अधिक बेटांमधून फिरायचे तर दोन मार्ग. परवाना असेल तर नुसती बोट घ्या आणि स्वतः हाका. नसेल, किंवा चैन हवी असेल, तर कप्तान, खानसामा यांच्यासह घ्या. मोठ्या बोटींच्या बाबतीत ठरलेल्या भाड्याखेरीज त्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकी उचल आधीच कप्तानाच्या हाती द्यावी लागते. इंधन, जेवणखाण, बंदराचे भाडे त्यातून भागवायचे आणि शेवटी हिशेब. आपल्याकडे लग्नात आचाऱ्याला देतात तसाच हा प्रकार. नुसत्या इंजिनावर चालणारी कॅटामरान बेटाबेटांतले अंतर झपाट्याने कापते आणि टेबलावरचा पेलाही सहसा हलत नाही. पण उत्तर-पूर्वेकडून डोंगर उतरून ‘बुरा’ वारा सुटला की भल्याभल्यांना बंदरातच थांबावे लागते. शिवाय तिची रुंदी एवढी, की अनेक बंदरांत तिच्याकडून जागेचे जादा भाडे घेतात.

इकडे कोरोमंडलवर २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली आणि हजारो कट्टुमरम् वाहून गेली किंवा फुटली. मदतीच्या ओघात कोळ्यांना मुख्यतः फायबरच्या, इंजिन लावलेल्या होड्या मिळाल्या. त्या वेगाने जातात, जास्त मासळी आणतात, आणि डिझेल पितात. ओंडके बांधणारे हात अजून काही गावांत आहेत. चेन्नईच्या किनाऱ्यावर फायबरच्या होडीशेजारी चार दोरांनी आवळलेले लाकूड अजून वाळूत पडलेले दिसते.