जागा असल्यास : तिकिटाचा एक छोटा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने विमानाच्या तिकिटावर काय बोलायचं? पण तिकीट म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आम्हाला एका संध्याकाळी मुंबईच्या विमानतळावर पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही दीडशे वर्षं मागे गेलो. तो प्रवास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

प्रसंग साधा आहे. नागपूरला आमच्या थोरल्या बंधूंचा दहावा होता. ओझरला 2014 साली नवं टर्मिनल झालं खरं, पण आम्हाला सोयीचं विमान तिथून नव्हतं. म्हणून आम्ही उभयता आदल्या दिवशी टॅक्सीने कसारा घाट उतरून मुंबईला गेलो. दोन तास आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमची तिकिटं आहेत, पण जागा नाहीत. फ्लाइट ओव्हरबुक झाली आहे." उद्या दुपारच्या विमानात बसवतो म्हणाली. मग तिने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, की आम्ही स्वेच्छेने पुढच्या विमानाने जात आहोत. इच्छास्वातंत्र्य हा विषय आम्ही तीस वर्षं शिकवला, आणि त्या कागदावर मुकाट्याने सही केली. नागपूरला पोचलो तेव्हा घाटावरचं सगळं आटोपून मंडळी घरी परतली होती. पिंडाला कावळा लगेच शिवला, असं पुतण्याने सांगितलं. आम्ही ते ऐकलं फक्त.

त्या मुलीवर आमचा राग नाही. जास्तीची तिकिटं काही तिने विकली नव्हती. पण ही पद्धत आली कुठून?

आपल्याला वाटतं, हे विमानांचं नवं फॅड आहे. तसं नाही. 1890 च्या भारतीय रेल्वे कायद्याचं 67 वं कलम पाहा. त्यात म्हटलं होतं, की तिकीट दिलं जातं ते गाडीत त्या वर्गात जागा असल्यास, या अटीवर. जागा नसेल तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत तिकीट परत करा आणि भाडं घ्या. खालच्या वर्गात बसावं लागलं तर फरक परत घ्या. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं तिकीट हे जागेचं वचन नव्हतंच, ती जागेची आशा होती. तुमचं काम बुडालं, लग्न चुकलं, त्याचं काही नाही. 1989 च्या नव्या रेल्वे कायद्यातही ही अट राहिली.

त्याच 1890 च्या कायद्यात दुसरीही तरतूद होती. प्रत्येक डब्यात किती माणसं बसवायची ते ठरवून आकडा डब्यावर लिहायचा. आकडा लिहिला जाई, पाळला मात्र जात नसे. 1917 मध्ये गांधीजींनी मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याची हकीकत वर्तमानपत्रांना लिहून पाठवली. डब्यावर 22 माणसांचा आकडा होता, आत मात्र 35 पर्यंत माणसं कोंबलेली. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सिंहस्थात नाशिकरोडच्या फलाटावर उभं राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे.

आता विमानाकडे येऊ. कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. विमानाची रिकामी खुर्ची ही भाजीपेक्षा नाशवंत. दार बंद झालं की तिची किंमत शून्य. दर फेरीला तिकीट काढूनही काही जण येत नाहीत. म्हणून 180 खुर्च्यांसाठी समजा 186 तिकिटं विकली, तर बहुतेक वेळा सगळं जमून जातं आणि भाडंही थोडं कमी ठेवता येतं. प्रश्न येतो, सगळे 186 आले तर.

इथे आम्हाला कांट आठवतो. फेडता येणार नाही हे ठाऊक असून "फेडीन" म्हणणाऱ्या माणसाचं उदाहरण त्याने 1785 मध्ये दिलं. सगळेच असं वागले तर वचन या शब्दालाच अर्थ उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. विमान कंपनी त्या माणसाइतकी सरळ खोटी नाही, गंमत तीच आहे. प्रत्येकाला दिलेलं वचन बहुधा पाळलं जाणार असतं. पण एकत्र धरली तर ती सगळी पाळता येणं शक्यच नसतं. आणि ही गोष्ट फक्त देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नाही.

नेमकं यावरच अमेरिकेत भांडण झालं. ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांना एप्रिल 1972 मध्ये वॉशिंग्टनहून हार्टफर्डला एका सभेसाठी जायचं होतं. पक्कं तिकीट असून त्यांना जागा नाकारली गेली. ते कोर्टात गेले. 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जादा विक्रीची गोष्ट लपवून फसवलं, अशी दाद प्रवासी मागू शकतो. त्याआधी 1968 मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सोपा उपाय सुचवला होता. कुणाला उतरवायचं हे कंपनीने ठरवू नये. कोण किती रुपयांत थांबायला राजी आहे ते विचारावं, आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला ती रक्कम द्यावी. दहा वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. 1978 मध्ये मात्र, आधी राजीखुशीने थांबणारे शोधा, हा तिथला नियम झाला.

आपल्याकडे? 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. विमानात जागा नाकारल्याबद्दल भरपाईचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 मध्ये केला आणि 2016 मध्ये रकमा वाढवल्या. आधी स्वेच्छेने थांबणारे विचारायचे. ते मिळाले नाहीत आणि तुम्हाला थांबवलं, तर मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. 24 तासांच्या आतलं दिल्यास एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार याच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिराचं दिल्यास चौपट, कमाल 20,000 रुपये.

आता आमचा तो कागद आठवा. "स्वेच्छेने" या एका शब्दाने आम्ही सक्तीने थांबवलेले प्रवासी राहिलो नाही, आणि भरपाईचा हक्क आमच्याच सहीने गेला. नियम होता. तो आम्हाला कुणी सांगितला नाही, आणि आम्ही विचारला नाही.

परतीला आम्ही रेल्वेने आलो. तिकीट आरएसी होतं, बाजूच्या एका बर्थवर दोघं बसलो. भुसावळच्या आसपास टीसीने येऊन दुसरा बर्थ दिला. तोवर सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "इथे निदान आधी सांगतात." आम्हाला वाटतं, सगळ्या प्रश्नाचं मर्म त्यात आहे. रेल्वेकडेही जागा कमी आणि माणसं जास्त. पण वेटिंग 14 म्हणजे 14, हे घर सोडण्याआधी कळतं. ज्याला दहाव्याला पोचायचं आहे, तो दुसरी सोय बघू शकतो. विमानाच्या तिकिटावर मात्र सगळेच "कन्फर्म".

म्हणून मागणी मोठी नाही. जादा विक्री करा, पण तिकिटावर ठळक लिहा, आणि थांबवताना हक्क तोंडाने सांगा. आणि तुम्ही श्रोत्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. "स्वेच्छेने" लिहिलेल्या कागदावर, रक्कम काय मिळणार हे विचारल्याशिवाय सही करू नका. तक्रार करायची झाली, तर 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही.

बंधूंचा दहावा काही परत येणार नाही. तुमच्यापैकी कुणाचा चुकू नये, म्हणून एवढं बोललो.