हे दप्तर कोणी पाहायचे?

माहितीचे वर्गीकरण आणि रक्षण या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे मी एखाद्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात स्वागत करीन. बारामतीच्या म्हणा, इंदापूरच्या म्हणा. आपल्या सरकारी कचेऱ्यांत दप्तराचे वर्ग ठरलेले असतात. अ वर्ग कायम जपायचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. मात्र कागद किती काळ ठेवायचा, एवढेच ती सांगते. तो कोणी पाहायचा आणि कोणी बदलायचा, हे आपल्याला या अभ्यासात ठरवायचे आहे.

त्यासाठी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यातली उसाची वजनपावती डोळ्यांसमोर आणा. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ ऊस. हा आकडा शेतकऱ्यापासून झाकायचा नसतो. काट्यावरच त्याला तो दिसला पाहिजे, आणि एकदा नोंदला की कोणाला गुपचूप खोडता येता कामा नये. त्याच उसाचे बिल कोणत्या खात्यात गेले, त्यातून सोसायटीचे किती कर्ज कापले, हे मात्र गावाला कळायचे कारण नाही. लागणीच्या नोंदीची तऱ्हा आणखी वेगळी. तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. तारीख चुकीची पडली तर तोड लांबते, ऊस रानात वाळतो, वजन घटते. इथे गुप्ततेपेक्षा अचूकता जपावी लागते, आणि ऐन हंगामात संगणक बंद पडला तरी नोंद हाताशी असावी लागते.

हा विवेक आपल्या सहकाराला परका नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३२ सभासदाला ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहू देते. व्यवहारांच्या नोंदी मात्र त्याच्या स्वतःच्याच. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०२३ साली आला. त्याच्या साठेक वर्षे आधी सहकाराच्या कायद्याने आखलेली ही रेघ मला आजही आदर्श वाटते.

आता बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात उसाच्या फडाची माहिती उपग्रह आणि मातीतले सेन्सर गोळा करतात. ओलावा किती, खत किती, ऊस कसा वाढतोय. ही माहिती शेतकऱ्याची, कारखान्याची की यंत्रणा पुरवणाऱ्याची? ती कोणत्या वर्गात ठेवायची, हे ठरवायला या विषयाला माणसे हवी आहेत. गावचा काटा आणि सोसायटीची खतावणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, अशी.