कोंबड्याचा तुरा आणि विकरांची साखळी

पाडा खच्ची केला म्हणजे त्याची मस्ती उतरून तो जोताला नमतो, हे आमच्या तोंडवलीत कुणाला शिकवावे लागले नाही. ते का, याचा माग मात्र १८४९ साली जर्मनीतील गटिंगेनच्या बेर्टहोल्डने काढला. त्याने कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. तुरे खुरटले, आरवणे सुटले. मग काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसविले. मज्जातंतू तुटलेले, तरी तुरा वाढला, कोंबडा आरवू लागला, झुंजू लागला! अर्थात वृषणातून काहीतरी रक्तात उतरत होते.

ते हाती यायला १९३५ साल उजाडले. मधल्या काळात, १८८९ मध्ये, ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या पंडिताने जनावरांच्या वृषणांचा पाणीदार अर्क टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याची ग्वाही दिली. भ्रमच तो! टेस्टोस्टेरोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय वृषण ही काही त्याची कणगी नव्हे, बनेल तसे ते रक्तात जाते. अ‍ॅम्स्टरडॅमला लाकरच्या मंडळींना वळूंच्या शंभर किलो वृषणांतून जेमतेम दहा मिलिग्रॅम मिळाले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून तयार केले.

शरीरही तेथूनच आरंभ करते. मेंदूच्या तळाच्या पीयूषिका ग्रंथीचा निरोप आला की वृषणातल्या लायडिग पेशी कामाला लागतात. हे काम विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे. पहिले विकर कोलेस्टेरॉलच्या सत्तावीस कार्बनांतले सहा छाटते, पुढचे आणखी दोन. शेवटचे त्यातून टेस्टोस्टेरोन घडविते. रक्तात ते पुरेसे झाले की वरचा निरोप मंदावतो.

हे वर्गात बोलायला आम्हां मास्तरांची जीभ अडखळते. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी उघड लिहिले. त्यापायी खटले सोसले. १९३४ साली बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते, तरी दंड झालाच.

आणि बोलले तर पाहिजे. शेवटचे विकर जन्मतः पांगळे असले, तर मुलगा पुष्कळदा मुलगी समजून वाढविला जातो. वयात येताना त्याचा आवाज फुटतो, मिसरूड दिसते, कारण वृषणात राहिलेले काम इतर अवयवांतली त्याच जातीची विकरे थोडेबहुत उरकतात. गाझातील काही कुटुंबांत अशी मुले बरीच आढळली. गाव त्याला सोंग म्हणो की देवाचा कोप. रक्त तपासले तर टेस्टोस्टेरोन कमी आणि त्याच्या आधीची पायरी, अँड्रोस्टेनडायोन, साचलेली सापडते.